स्क्रू उघडायलाच हवेत

कॉर्ग या जपानी कंपनीने २०१० मध्ये मोनोट्रॉन नावाचा एक छोटा सिंथेसायझर काढला. तो हातात मावतो, दोन बारक्या पेन्सिल सेलवर चालतो. वर पाच नॉब, एक स्विच आणि खाली बोट फिरवायला एक पट्टी. आत मात्र खरंखुरं अ‍ॅनालॉग सर्किट आहे: आवाज तयार करणारा एक ऑसिलेटर, त्या आवाजाची धार कमी-जास्त करणारा एक फिल्टर, आणि या दोघांपैकी एकाला झुलवत ठेवणारा एक संथ ऑसिलेटर, म्हणजे एलएफओ. फिल्टर तर कंपनीच्याच १९७८ च्या एमएस-२० या गाजलेल्या सिंथच्या घराण्यातला.

फक्त एक गोष्ट नाही. या यंत्राला बाहेरून कोणी सांगू शकत नाही की आता हा स्वर लाव, आता थांब. बाहेरचा आवाज फिल्टरमधून जाऊ द्यायला एक सॉकेट आहे, हेडफोनला एक आहे. पण हुकूम ऐकायला कान नाही. वाजवायचं तर तुमच्याच बोटाने, त्या टीचभर पट्टीवर, जिथे सा कुठे आणि रे कुठे हे अंदाजानेच शोधावं लागतं.

हा कान आपण लावू शकतो. तो लावावा, आणि लावता येत नसेल तर शिकावं, असं मला ठामपणे म्हणायचं आहे. विकत घेतलेली वस्तू बाहेरच्या जगाशी कशी बोलणार, हे फक्त कारखान्यात ठरतं असं मानून आपण गप्प बसलो, तर आपण त्या वस्तूचे मालक नसतो. आपण तिचे पाहुणे असतो.

करायचं काय असतं

मागचे स्क्रू काढले की बोर्ड दिसतो. त्यावर कंपनीनेच काही जागा नावानिशी सोडल्या आहेत: पिच, गेट, कटऑफ, ग्राउंड. पुढे कंपनीने या सर्किटचा पूर्ण नकाशाही सगळ्यांसाठी खुला केला. त्या जागांना वायर जोडायच्या, डबीला छिद्रं पाडून सॉकेट बसवायचे. कामाचा सांगाडा एवढाच.

आता त्या वायरमधून जातं काय? व्होल्टेज. १९६० च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी आपल्या सिंथेसायझरसाठी एक हिशोब वापरला आणि तो पुढे जगभर रुळला: एक व्होल्ट वाढला की स्वर एक सप्तक वर. मध्य सा जर दोन व्होल्टवर असेल, तर तार सा तीन व्होल्टवर. मधली बारा स्वरस्थानं म्हणजे एका व्होल्टचे बारा समान भाग, प्रत्येक साधारण ८३ मिलिव्होल्टचा. हा झाला पिच. गेट त्याहून सोपा: व्होल्टेज आहे म्हणजे स्वर वाजतोय, नाही म्हणजे थांबला. कटऑफ म्हणजे फिल्टरचं तोंड किती उघडं ठेवायचं ते.

सरळ वायर जोडून काम भागत नाही, हे आधीच सांगतो. बाहेरची यंत्रं पाच व्होल्ट, कधी दहा व्होल्टही पाठवतात आणि पेन्सिल सेलवर चालणाऱ्या सर्किटला ते झेपेलच असं नाही. म्हणून वाटेत रेझिस्टर लावायचा, जास्तीचं व्होल्टेज बाजूला वळवायला डायोड लावायचे. येणारा एक व्होल्ट आतल्या ऑसिलेटरला बरोबर एक सप्तक वाटावा यासाठी ऑप-अँप आणि एक ट्रिमर लावायचा. तो ट्रिमर स्क्रूड्रायव्हरने तसूतसूने फिरवत ट्यूनरवर सा-सा जुळवायचा. तंबोऱ्याचे मणी सरकवण्यासारखंच हे काम आहे, आणि तेवढाच संयम मागतं.

म्हणूनच याला जुगाड म्हणू नका. आपल्याकडे हा शब्द कौतुकाने वापरतात, पण त्यात एक अपमान लपलेला असतो: शास्त्र दुसरीकडे होतं, आपल्याकडे नुसती तडजोड होते. इथे नकाशा वाचावा लागतो, व्होल्टेज मोजावं लागतं, हिशोब करावा लागतो. याला इंजिनिअरिंग म्हणतात.

‘सॉफ्टवेअरमध्ये सगळं मिळतं की’

पहिला आक्षेप माझ्याच जातभाईंचा. फोनवर सिंथचं अ‍ॅप आहे, लॅपटॉपवर प्लगइन आहेत, त्यात हव्या तितक्या मॉड्युलेशन आहेत. मग गरम सोल्डरिंग आयर्न हातात घेऊन बोटं कशाला भाजून घ्यायची?

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. त्याला कमी लेखणार नाही. चांगले प्लगइन चांगलेच वाजतात आणि अनेकदा अ‍ॅनालॉग कुठलं, डिजिटल कुठलं हे कानाला कळतही नाही. वाद आवाजाच्या ‘ऊबदारपणा’चा नाहीच. तो शब्द विकणाऱ्यांनी इतका वापरलाय की त्यात अर्थ उरलेला नाही.

वाद दाराचा आहे. आमच्या धंद्यात एखाद्या सेवेला एपीआय नसेल, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमने तिच्याशी बोलायची सोय नसेल, तर आम्ही नाक मुरडतो. पण त्याच एपीआयचं कुलूप दुसऱ्याच्या हातात असतं. आज फुकट, उद्या पैसे. आज चालू, उद्या ‘ही सेवा बंद करत आहोत’ असा मेल. फोनची सिस्टिम अपडेट झाली की जुनं अ‍ॅप उघडत नाही. लायसन्स तपासणारा सर्व्हर बंद पडला की पैसे मोजून घेतलेलं वाद्य मुकं होतं. व्होल्टेजला लॉगिन नसतं. एक व्होल्टला एक सप्तक हा हिशोब पाळणारं १९७० च्या दशकातलं यंत्र आणि काल बनवलेलं मॉड्युल एका वायरने जोडा, स्वराच्या बाबतीत ती एकमेकांना समजून घेतात. मध्ये परवानगी द्यायला कोणी बसलेलं नाही.

दुसरं, प्लगइनमध्ये मेन्यूत असेल तेवढंच मिळतं. लिहिणाऱ्याला सुचलं नाही ते तुम्हाला करता येत नाही. सर्किटला मेन्यू नसतो. जिथे व्होल्टेज आहे ती प्रत्येक जागा म्हणजे एक प्रश्न: इथे दुसरं काही जोडलं तर? उजेडाप्रमाणे बदलणारा एलडीआर जोडला तर? दुसऱ्या सिंथचा एलएफओ जोडला तर? असे प्रश्न विचारायची सवय मेन्यू देत नाही.

‘कंपनीने जसं केलं तसंच ठेवावं’

दुसरा आक्षेप शिस्तप्रिय लोकांचा. ज्यांनी बनवलं त्यांना जास्त कळतं. छिद्रं पाडून वस्तूची वाट कशाला लावायची? वॉरंटी जाईल, विकायला काढलं तर भाव येणार नाही.

वॉरंटी जाते, खरं आहे. भावही उतरतो. पण ‘बनवणाऱ्याला जास्त कळतं’ हा मुद्दा आपल्या घरातलीच एक वस्तू खोटा ठरवते: पेटी.

हार्मोनियमचं पेटंट १८४२ मध्ये पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ याने घेतलं. ते वाद्य टेबलाएवढं, खुर्चीवर बसून पायाने भाता मारत वाजवायचं. आपले गवई जमिनीवर मांडी घालून बसत. मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ते यंत्र बदललं: भाता मागे, तो डाव्या हाताने मारायचा, उजव्या हाताने वाजवायचं, पाय मोकळे. या बदललेल्या पेटीने मराठी संगीत नाटक तोलून धरलं, भजनी मंडळं उभी केली. पॅरिसच्या माणसाचा मान राखायचा म्हणून कोणी त्याला हात लावला नसता, तर आज आपल्या गावातल्या सप्ताहात काय वाजलं असतं?

आणि बदल तिथेच थांबला नाही. पट्टी बदलता यावी म्हणून स्केल चेंजर आला. पेटीत मींड निघत नाही, श्रुती नेमक्या लागत नाहीत, अशी तक्रारही जुनी आहे. आकाशवाणीने १९४० पासून तीन दशकं पेटीवर बंदी घातली ती याच वादातून. तक्रार चुकीची नव्हती. पण तिला उत्तर म्हणून बंदी घालणं हा एक मार्ग, आणि यंत्र उघडून बघणं हा दुसरा. मी दुसऱ्या मार्गाच्या बाजूने आहे.

मुंबईतलंच दुसरं उदाहरण. रोलंड कंपनीचा टीबी-३०३ हा छोटा सिंथ गिटारवाल्यांना साथीला बेस मिळावा म्हणून बनवला होता. तो फारसा खपला नाही आणि १९८४ मध्ये बंद झाला. पण त्याआधी, १९८२ मध्ये, हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात काम करणाऱ्या चरणजित सिंग यांनी ३०३, त्याच कंपनीचं टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ हा कीबोर्ड एकत्र आणून त्यांवर राग वाजवले. ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड तेव्हा कोणी विचारली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जग चक्रावलं, कारण अ‍ॅसिड हाउस नावाने पुढे गाजलेल्या संगीताशी तिचं विलक्षण साम्य होतं. ३०३ आणि ८०८, दोन्हींना एकमेकांच्या तालात बांधायचं सॉकेट कंपनीनेच ठेवलं होतं. त्यातून काय निघेल याची मात्र कंपनीला कल्पना नव्हती. बनवणारा दार ठेवू शकतो. त्यातून कोण येईल हे तो ठरवू शकत नाही, आणि तसा अधिकारही त्याला देऊ नये.

‘हे श्रीमंतांचे चोचले’

तिसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे आणि अर्धा खरा आहे. मॉड्युलर सिंथचा नाद महागच आहे. भिंतभर यंत्रं लावून फोटो टाकणारे लोक आहेत, आणि त्यांना बघून बुलढाण्यातल्या किंवा सावंतवाडीतल्या मुलीला वाटत असेल की हे आपलं काम नाही.

पण छोटं यंत्र उघडणं हे नेमकं त्या भिंतीच्या विरुद्ध टोकाला आहे. मोठं यंत्र घ्यायची ऐपत नाही, म्हणूनच छोट्याला कान लावायचा. त्याला हुकूम द्यायला महागडा कीबोर्डही लागत नाही. आर्डुइनो बोर्ड आणि एमसीपी-४७२५ ही डॅक चिप पुरते. डॅक म्हणजे आकड्याचं व्होल्टेज करून देणारी चिप. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास चक्कर मारली, तर असं सामान मिळतं.

आणि ही स्वस्त चिप काय करते, हे एकदा आकड्यांत बघाच. ती पाच व्होल्टचे ४०९६ भाग करते. एक भाग म्हणजे साधारण १.२ मिलिव्होल्ट. शेजारच्या दोन स्वरांमधलं अंतर १०० सेंट धरलं, तर हा एक भाग जेमतेम दीड सेंटचा. आपल्या श्रुतिचर्चेत ज्याला प्रमाण श्रुती म्हणतात ते अंतर साधारण २१.५ सेंटचं असतं. म्हणजे सगळ्या बारीक श्रुतींना या चिपमध्ये ऐसपैस जागा आहे. शुद्ध गांधार थोडा उतरवून लावायचा? कोडमध्ये एक आकडा बदला. मींड हवी? दोन व्होल्टेजमधला उतार हळू करा. दरबारीचा आंदोलित गांधार हवा? एलएफओ अगदी संथ करून, थोडासाच, पिचला जोडा.

सिंथ ‘पाश्चात्त्य’ आणि म्हणून आपल्या गाण्याला परका, असं आपण समजतो. परकी असते ती त्यावर बसवलेली काळी-पांढरी पट्टी. व्होल्टेजला बारा घरं नसतात. ते तंबोऱ्याच्या तारेसारखं सलग आहे. हे आपल्याला कळायला हवं होतं, कारण मूगचा सिंथेसायझर १९६९ मध्येच अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये आला होता. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तिथे स्टुडिओ उभारला. गीता साराभाई आणि इतर काही भारतीयांनी त्यावर काम केलं. काही वर्षांत ते थांबलं, टेप संग्रहात पडून राहिल्या आणि २०२३ मध्ये त्या रेकॉर्ड म्हणून निघाल्या. तारा जोडूनच वाजवायचं, सगळी दारं उघडी असलेलं यंत्र आपल्या देशात इतक्या लवकर आलं होतं. आपण मात्र पुढे सिंथ म्हणजे बटण दाबलं की ऱ्हिदम सुरू होणारा लग्नातला कीबोर्ड, एवढंच ओळखत राहिलो.

खरा मुद्दा

आता ज्यांच्याशी माझं खरं भांडण आहे त्यांच्याकडे येतो: आपण, डिग्रीवाले.

महाराष्ट्रात दर गल्लीत एक इंजिनिअर सापडतो. त्यातल्या किती जणांनी स्वतःच्या पैशाने घेतलेली वस्तू उघडून तिच्यात बदल केला असेल? माझ्या कॉलेजच्या लॅबमध्ये ऑसिलोस्कोपवर प्लॅस्टिकचं कव्हर असायचं आणि ते परीक्षेच्या दिवशी निघायचं. ऑप-अँपची आकृती आम्ही सात मार्कांसाठी पाठ केली, जर्नलमध्ये आधीच्या बॅचची रीडिंग उतरवली, आणि प्रॅक्टिकल ‘बरोबर’ आलं. चूक येऊच शकत नव्हती, कारण करून बघायला परवानगीच नव्हती. हे फक्त एका कॉलेजचं नाही, हे वाचणाऱ्या अनेकांना ओळखीचं वाटेल.

अशा शिक्षणातून दुसऱ्याच्या खोक्यावरची बटणं दाबण्यात तरबेज असलेली माणसं तयार होतात. आम्ही परदेशी क्लाउडवर परदेशी टूल वापरून परदेशी ग्राहकासाठी काम करतो आणि त्याला तंत्रज्ञान म्हणतो. पगार चांगला आहे, तक्रार पगाराची नाही. तक्रार ही की खोक्याच्या आत बघायची इच्छाच मेली आहे. इच्छा मेलेल्या माणसाला उद्या कोणी सांगितलं, ‘हे आता असंच चालणार’, तर तो मान हलवतो.

आपल्याकडे ‘राइट टू रिपेअर’ची चर्चा सुरू झाली आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली आणि शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं अशी चार क्षेत्रं आधी घेतली. चांगलं पाऊल आहे. पण दुरुस्ती म्हणजे वस्तू होती तशी करणं. मला त्यापुढचा हक्क हवा आहे: वस्तू जशी कधीच नव्हती तशी करण्याचा. त्यासाठी कंपन्यांकडे मागणीही साधी आहे. नकाशा द्या, बोर्डावर जागांची नावं छापा, डबी चिकटवण्याऐवजी स्क्रू लावा. कॉर्गने एका स्वस्त खेळण्यासारख्या यंत्रासाठी हे केलं आणि त्यांचा धंदा बुडाला नाही. एमएस-२० च्या काळात हीच कंपनी व्होल्टेजचा वेगळा हिशोब वापरत होती, ज्यात दर सप्तकाला व्होल्टेज दुप्पट होतं, आणि त्यामुळे मूगच्या पद्धतीची यंत्रं त्याला सरळ जोडता येत नसत. म्हणजे दारं आपोआप उघडत नाहीत, कोणीतरी ठरवून उघडतं. १९८३ मध्ये सिक्वेन्शियलचे डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी यांनी प्रतिस्पर्धी असूनही मिडी हा समान मार्ग पुढे आणला आणि त्यावर रॉयल्टी लावली नाही. म्हणून आज कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड कुठल्याही कंपनीच्या यंत्राशी बोलतो.

एक पथ्य मात्र पाळा. सुरुवात सेलवर चालणाऱ्या यंत्रानेच करा. भिंतीतल्या प्लगवर चालणारी वस्तू उत्साहात उघडू नका. तिथे चुकीला माफी नाही. सेलवरच्या यंत्रात चूक झाली, तर फार तर एक छोटं यंत्र जाईल.

ते गेलं तर वाईट वाटेल. पण कपाटात अखंड, निर्दोष आणि बंद पडून राहिलेल्या यंत्रापेक्षा ते बरं, कारण जळालेल्या बोर्डावरून निदान कळतं की कुठली वायर कुठे जायला नको होती. या महिन्यात एखादी रविवारची दुपार काढा. मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न आणि सेलवर चालणारं, आवाज करणारं काहीही घ्या. नकाशा असेल तर समोर ठेवा, नसेल तर व्होल्टेज मोजत स्वतः काढा. मग ज्या जागी व्होल्टेज बदललं की आवाज बदलतो ती जागा शोधा आणि तिथे, जपून, पहिली वायर जोडा.